नगर ते पाल्पा: उन्हाळ्याच्या सुट्टीतली मिशन ट्रिप (मे 2024)

परत येऊन महिना होत आला. तिकडे रोज रात्री वहीत चार-चार ओळी लिहायचे, त्यावरूनच हे नीट उतरवलंय. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघातले आम्ही सहा जण, चार मुली दोन मुलगे, आणि बरोबर आमचे एल्डर काका, मंडळीतले वडीलधारे. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेपाळमधल्या पाल्पा जिल्ह्यातल्या एका मंडळीने बोलावलं होतं. ज्या गावात काम केलं त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे येईलच. कोणाचंच नाव लिहीत नाही.

13 ते 15 मे: मतदान, मनमाड, सुनौली

13 तारखेला नगरचं लोकसभेचं मतदान होतं. सकाळी सातला आईबरोबर जाऊन मत दिलं, बोटाला शाई लावली, आणि तेच मतदान कार्ड नीट प्लास्टिकमध्ये घालून बॅगेत टाकलं, कारण नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं, आधार चालेल असं धरून जाऊ नका. निघताना आजीच्या पाया पडले तर ती म्हणाली, "तिकडं जाऊन प्रभूची साक्ष दे, घाबरू नको." आजीचं मिशन म्हणजे हेच, उभं राहायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. आमच्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन 1831 ला आलं, आमच्या घराण्यात शाळेचं पहिलं पुस्तक त्यांच्यामुळे आलं, त्यामुळे मिशन म्हटलं की तिचे डोळे भरून येतात. मी पण हिंदीत पाच मिनिटांची साक्ष लिहून पाठ केली होती, रोज गच्चीवर फेऱ्या मारत म्हणायचे.

रात्री मनमाड, पहाटे गाडी, आणि एक पूर्ण दिवस-रात्र काढून 15 ला सकाळी गोरखपूर. भुसावळनंतर डब्यात भट्टी लागली होती, ओला रुमाल डोक्यावर ठेवून बसलो होतो सगळे. गोरखपूरहून सुनौली तीन तास. मग सीमा चक्क चालत ओलांडायची. मला वाटलं होतं परदेश म्हणजे काहीतरी वेगळं वाटेल, पण एक कमान, तिच्याखालून रिक्षा, सायकली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, सगळे दोन्हीकडून येतायत जातायत. पलीकडे गेल्यावर मोबाईलमधलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर 2081 सालचा जेठ महिना, तेव्हा कुठे कळलं की आपण बाहेरच्या देशात आलोय.

पैशांचं इथेच सांगते. आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा दर ठरलेलाच आहे, त्यात घासाघीस नाही. आम्ही गेलो तेव्हा आपल्या 100 पर्यंतच्याच नोटा चालत होत्या म्हणून काकांनी बँकेतून शंभराच्या गड्ड्या घेतल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी त्या वाटून ठेवल्या. सिमकार्ड सीमेवरच घ्या, ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो लागतो, आपल्या सिमचं रोमिंग फार महाग पडतं.

भैरहवा, मग बुटवल, आणि बुटवल सोडलं की एकदम डोंगर अंगावर येतो. खाली तिनाउ नदी, वर सरळसोट कडा, मध्ये रस्ता. सिद्धबाबाचं मंदिर आहे तिथे, आणि त्या टप्प्यात दगड कोसळतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून बसमधले लोक तिथे गप्प होतात, कोणी हात जोडतं. आम्ही गेलो तेव्हा तिथे बोगद्याचं काम चालू होतं. आम्हाला तिथे दोन तास थांबावं लागलं, वरून माती आली होती. आमच्यातली धाकटी रडायला लागली तर पुढच्या सीटवरच्या एका आजींनी न बोलता पिशवीतून काकडी काढली, चार फोडी केल्या, मीठ-तिखट लावून तिच्या हातात ठेवली. तानसेनला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ. दुपारी सुनौलीला अंगाची लाही होत होती आणि इथे आम्ही स्वेटर शोधत होतो.

16 मे: तानसेन आणि पहिला धडा

तानसेन डोंगराच्या उतारावर वसलेलं आहे, साधारण साडेतेराशे मीटरवर, गल्ल्या दगडी आणि इतक्या चढाच्या की वीस पावलं गेलं की श्वास लागतो. मधोमध शितलपाटी म्हणून आठ बाजूंची पांढरी पडवी आहे, सगळं गाव तिथे येऊन टेकतं. ढाका कापडाच्या टोप्या विणतात ते हेच गाव, हातमागाचा खटखट आवाज गल्लीत ऐकू येतो.

सकाळी तिथल्या पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, आम्हाला बसवलं. पन्नाशीचे, हळू बोलणारे, हिंदी छान. ते म्हणाले, आधी कायदा समजून घ्या. नेपाळच्या 2015 च्या संविधानात धर्म मानायचं स्वातंत्र्य आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर. भारतीय पण परदेशीच. मग त्यांनी आमच्यासाठी तीन नियम सांगितले. पत्रकं वाटायची नाहीत, स्वतःचं बायबल सोडून एकही प्रत बरोबर ठेवायची नाही. कोणी विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, पण विषय आपण काढायचा नाही. आणि तिसरं त्यांनी दोनदा सांगितलं: मदत आणि विश्वास यांची गाठ कधी बांधायची नाही, ज्याला औषध दिलं त्याच्याकडून काहीच नको, प्रार्थनेला ये असंसुद्धा म्हणायचं नाही.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. मग आलो कशाला, असंच मनात आलं. माझी पाठ केलेली साक्ष, आजीचं वाक्य, सगळं घशात अडकलं. त्यांना ते दिसलं असावं, ते म्हणाले चला, फिरायला जाऊ.

त्यांनी आम्हाला मिशन हॉस्पिटलच्या रस्त्याने नेलं. नेपाळ 1951 पर्यंत बाहेरच्यांना जवळजवळ बंदच होतं. पक्ष्यांचा अभ्यास करायला 1949 ला आलेल्या मंडळींनी इथली गरज पाहिली आणि मग डॉक्टर आले. आणि त्यांनी पुढे जे सांगितलं ते ऐकून मी रस्त्यातच थांबले: ज्या युनायटेड मिशन टू नेपाळने हे हॉस्पिटल चालवलं ती संस्था स्थापन झाली नागपुरात, 5 मार्च 1954 ला, आठ मिशन संस्थांनी एकत्र येऊन. आपल्या नागपुरात! मी आयुष्यभर नगरच्या मिशनचा इतिहास ऐकत आले, हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि त्यांना परवानगी मिळाली तीच या अटीवर की धर्मप्रचार करायचा नाही. त्यांनी ती अट मान्य केली आणि दवाखाने, शाळा, वीज, असली कामं केली. मंडळ्या उभ्या केल्या त्या नेपाळी लोकांनी स्वतः, आणि त्याची किंमत पण त्यांनीच भरली. 1960 च्या सुमारास याच तानसेनमध्ये बाप्तिस्मा घेतला-दिला म्हणून लोक तुरुंगात गेले, त्यांचे पाळक तर कित्येक वर्षं. 1990 च्या जनआंदोलनानंतर स्वतःचा धर्म बदलला म्हणून तुरुंगात जायचे दिवस संपले. 2021 च्या जनगणनेत नेपाळमध्ये ख्रिस्ती लोक 5 लाख 12 हजार आहेत, पावणेदोन टक्के.

पाळक म्हणाले, "आमच्याकडे जे आले ते बोलायला आले नव्हते, बहिनी. ते जखमा धुवायला आले होते. बोललो आम्ही." त्या दिवसापासून मी साक्षेची ती वही बॅगेच्या तळाशी ठेवली. मी ठरवलं की मला इथे जे करायला दिलंय ते कमी नाहीये, हॉस्पिटलच्या दारात औषधाची चिठ्ठी धरून बसलेली माणसं बघितल्यावर ते कमी आहे असं म्हणवेना.

दुपारी पहिल्यांदा चुकौनी खाल्ली. उकडलेला बटाटा, घट्ट दही, कांदा, हिरवी मिरची, वरून तेलात तडतडवलेली मेथी आणि हळद. आपल्या बटाट्याच्या कोशिंबिरीची सख्खी बहीण, पण मेथीचा तो कडवट वास डोक्यात राहतो. बरोबर बटुक म्हणजे उडदाचे वडे, मगर लोकांचा पदार्थ. तानसेनला गेलात तर हे दोन खाल्ल्याशिवाय उतरू नका.

17 मे: गाव

जीपने दीड तास, मग पाऊण तास चढण. मक्याची छोटी छोटी शेतं पायऱ्यांसारखी, रोपं गुडघ्याएवढी. वाटेत काटेरी झुडपांवर ऐंसेलु पिकलेली, पिवळी, छोट्या छोट्या मण्यांची, तोंडात टाकली की विरघळतात. काफल पण मिळाले, लालसर, आत मोठी बी. आमच्याकडच्या करवंदांच्या दिवसांची आठवण झाली.

आम्ही सात जण दोन घरांत राहिलो, मुली पाळकांच्या नात्यातल्या एका दिदीकडे. मातीचं दुमजली घर, खाली चूल, वर झोपायला. दिदीने पहिल्यांदा विचारलं ते "खाना खानुभयो?" आणि पुढचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ कोणीही भेटलं की हेच विचारत होतं, जेवलात का. आपल्याकडे पण गावात असंच असतं.

संध्याकाळी अंगणात एक म्हातारे बाबा काठी टेकत आले, डोक्यावर ढाका टोपी, कंबर सरळ. गावात त्यांना सगळे लाहुरे म्हणतात, म्हणजे बाहेरच्या देशाच्या फौजेत नोकरी करून आलेला माणूस. ते ख्रिस्ती नाहीत, पण गावच्या पाणी समितीतले ते मोठे. विचारलं कुठून आलात, काकांनी सांगितलं अहमदनगर. बाबा काठी सोडून उभे राहिले. "नगर? भिंगार क्याम्प?" आपल्या भारतीय फौजेच्या मेकनाइज्ड इन्फंट्रीत होते ते, ट्रेनिंगला आमच्या नगरला! चांदबीबीच्या महालावर पळत चढवायचे म्हणाले. आणि मग त्या डोंगरात, त्या अंधारात, त्यांनी मराठीत म्हटलं, "चला, पटकन, पटकन, पाणी घ्या!" इतकंच मराठी राहिलं होतं त्यांच्याकडे पण ते ऐकून आमच्या काकांनी त्यांना मिठीच मारली. त्यांनी माझ्या बोटावरची शाई बघितली आणि विचारलं, मत कोणाला दिलं ते नको सांगू, दिलं ना, शाब्बास.

18 मे: शनिवारची उपासना

नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी, आम्ही गेलो तेव्हा रविवारी ऑफिसं-शाळा चालू होत्या, त्यामुळे मंडळी शनिवारी भरायची. पत्र्याची एक खोली, चपला बाहेर, खाली गुंद्री म्हणजे गवताची चटई अंथरलेली, बायका एका बाजूला डोक्यावर शाल घेऊन, पुरुष दुसऱ्या बाजूला. एक मादल (ढोलकीसारखं वाद्य), एक गिटार. भेटल्यावर जयमसीह म्हणतात, आपण सलाम म्हणतो तसं.

मला जे सगळ्यात जास्त भावलं ते म्हणजे लिपी. गीताचं पुस्तक हातात दिलं आणि मी पहिल्याच ओळीपासून गायला लागले! सगळं देवनागरी, अर्धे शब्द आपलेच, फक्त ख्रिस्तऐवजी ख्रीष्ट. शेजारच्या आमा (तिकडे आईला आमा म्हणतात) माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या, त्यांना वाचता येत नव्हतं, पाठ होतं सगळं. मग असं झालं की मी वाचून म्हणत होते आणि चाल चुकली की त्या कोपराने हलकं ढोसून सावरत होत्या. प्रार्थना सगळे एकदम मोठ्याने करतात, प्रत्येक जण आपापली, पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज होतो. आम्हाला काहीतरी म्हणायला सांगितलं तर आम्ही मराठीत दोन गीतं म्हटली. आमच्या टाळ-चिपळ्यांवर मादलवाला पोरगा अर्ध्या मिनिटात जुळला.

कपड्यांचं सांगते, मुलींनी सैल कुर्ता-सलवार आणि एक ओढणी ठेवा, जीन्स कामाला ठीक, उपासनेला नको. आणि मोजे नीट ठेवा, चपला सगळीकडे काढायला लागतात.

19 ते 21 मे: डोको

काम होतं पाण्याचं. गावाच्या वरच्या अंगाला जो जिवंत झरा, त्याला तिकडे मूल म्हणतात, तिथून टाकीपर्यंत आणि टाकीपासून खाली पाच धारांपर्यंत पाइप टाकायचा. धारा म्हणजे सार्वजनिक नळ. जवळचा जुना झरा आटत चाललाय, बायका चाळीस मिनिटं खाली उतरून पाणी आणतात आणि परत येताना चढ. पाइप आणि सिमेंट वडा ऑफिसकडून, म्हणजे वॉर्डाच्या ऑफिसकडून, आलेलं, खणायचं काम गावाने करायचं, घरटी एक माणूस. सगळ्या जातीची, सगळ्या देवांची माणसं. मंडळीतले लोक त्यातलेच, आणि आम्ही त्यांच्या बाजूने धरलेले हात. त्याला ते श्रमदानच म्हणतात, शब्द पण तोच. काकांनी त्यांना हिवरे बाजारबद्दल सांगितलं, चर आणि बांध खणून गावाने पाणी कसं अडवलं, लाहुरे बाबांनी कागद-पेन मागवून काकांकडून सगळं काढून घेतलं.

खणायला मुलगे होते. आम्ही मुली वाळू आणि खडी वाहायला. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली, पाठीवर घ्यायची, आणि नाम्लो म्हणजे तिचा पट्टा, तो खांद्यावर नाही, कपाळावर घ्यायचा. सगळा भार कपाळावर आणि मानेवर. दिदीने पहिल्यांदा पट्टा माझ्या केसांच्या रेषेच्या जरा वर बसवला, दोन्ही हात कानाजवळून पट्ट्याला धरायला लावले, म्हणाली मान खाली, नजर पुढच्या दोन पावलांवर, श्वास चढावर सोडायचा, आणि "बिस्तारै, बिस्तारै", सावकाश. मी उठले आणि मान आता मागे मोडते असं वाटलं, पण दहा-बारा पावलं गेल्यावर शरीर आपोआप पुढे झुकतं आणि वजन बसतं. पहिल्या दिवशी अर्धा डोको, तिसऱ्या दिवशी पाऊण. रात्री कपाळावर तळहाताएवढा लाल पट्टा. दिदी माझ्यापेक्षा हडकुळी, तिचा डोको वर शिगेपर्यंत भरलेला आणि ती चालता चालता माझ्याशी बोलत होती. तिच्या कपाळावर तो पट्टा कायमचा आहे, एक बारीक खोलगट रेघ, टिकली लावतात त्याच्या वर. मी रोज ती बघायचे.

20 ला दुपारी तीनला आभाळ काळं झालं, आणि गारा, लिंबाएवढ्या. टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून बसलो. दहा मिनिटांत मक्याची पानं चिंध्या झाली. गारा थांबल्यावर कोणी मोठ्याने हळहळलं नाही, बाया उठल्या, आपापल्या शेतात जाऊन एकेक रोप उभं करून बुडाला माती लावू लागल्या. आम्ही पण तेच केलं अंधार पडेपर्यंत. त्या दिवशी पाइपचं काम झालं नाही आणि कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही. मे महिन्यात जाणार असाल तर दुपारनंतरच्या पावसाची तयारी ठेवा, सकाळी कितीही स्वच्छ ऊन असू दे.

जेवण दोन वेळा डाळ-भात, गुंद्रुकचा रस्सा (मोहरीचा पाला आंबवून वाळवतात, आंबट लागतो), कधी मक्याचा ढिँडो, बाजरीच्या घाट्यासारखा, बोटाने तोडून डाळीत बुडवून न चावता गिळायचा.

22 मे: स्वास्थ्य चौकी

हा दिवस मला सगळ्यात जास्त लिहायचाय. खालच्या स्वास्थ्य चौकीतल्या अनमी दिदीने, म्हणजे आपल्याकडच्या एएनएम नर्सने, मला मदतीला बोलावलं. तिच्या हाताखाली बीपी बघणं, नोंदी करणं, एवढंच. चौकीत औषधांची खोकी नीट लावलेली, आणि गावोगावच्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविका, ज्या पगाराशिवाय 1988 पासून हे काम करतायत, त्या बायकांना घेऊन आलेल्या.

चाळिशीतल्या एक बाई आल्या, बीपी बघितलं, ठीक होतं, तरी उठेनात. बसल्या पण नव्हत्या नीट, बाकाच्या कडेला एका मांडीवर. अनमी दिदी बाहेर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आङ खसेको छ." मला शब्द कळला नाही पण हाताची खूण कळली. गर्भाशय खाली उतरलेलं. सोळा वर्षं. पाचव्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गवताचा भारा घेऊन चढ चढल्या होत्या, तेव्हापासून. कापडाची घडी आत धरून सोळा वर्षं शेत, पाणी, डोको. नवऱ्याला माहीत, सासूला माहीत, आणि कोणाला सांगितलं नाही. मला का सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, तू नर्स आहेस आणि तू जाणार आहेस.

आम्ही हा आजार पुस्तकात एका पानात शिकलो, डिग्री पहिली, दुसरी, तिसरी. परीक्षेत आकृती काढली होती मी त्याची. तीन दिवस मी ज्या टोपलीचं कौतुक करत होते तीच टोपली. मला रडू आलं, ते गिळलं. त्यांची परवानगी घेऊन अनमी दिदीला आत बोलावलं, तिने तपासलं, म्हणाली तानसेनला नेऊ, आधी गर्भाशय वर धरून ठेवणारी रिंग बसवता येईल, ऑपरेशन लागलं तर सरकारची मोफत योजना आहे. हे सगळं लिहायलाही त्यांना विचारलंय, त्या म्हणाल्या लिही, म्हणजे बायका लवकर सांगतील.

रात्री दिदीजवळ मी म्हटलं, त्यांच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटतेय, त्यांच्या समोर. दिदी चुलीतली लाकडं मागे ओढत म्हणाली, इथे कर, देवाला इथलं पण ऐकू येतं. मग आम्ही दोघींनी चुलीपाशी केली.

23 आणि 24 मे

23 ला बुद्धपौर्णिमा, सगळीकडे सुट्टी, हॉस्पिटलची ओपीडी नाही म्हणून थांबावं लागलं. रात्रभर पाऊस पडून गेलेला, पहाटे पाचला लाहुरे बाबांनी दार वाजवलं, "चला, पटकन!" बाहेर आलो तर उत्तरेला, जिथे आठवडाभर नुसती धूसर भिंत होती तिथे धवलागिरी उभा. पांढरा नाही, कोवळा गुलाबी. पुढे माछापुच्छ्रे शिखराचं माशासारखं शेपूट. चाळीस मिनिटं दिसलं आणि ढगांनी परत झाकलं. हिमालय बघायलाच जाणार असाल तर मे नको, ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. उन्हाळ्यात तो पाऊस पडून गेल्याच्या पहाटेच दिसतो.

24 ला त्या बाई, अनमी दिदी आणि मी तानसेनला निघालो. जीपमध्ये त्या बाईंनी मला विचारलं, "किन आएको, नानी?" का आलीस गं पोरी. पाच मिनिटांची पाठ साक्ष होती माझ्याकडे. मी म्हटलं, "येशूमुळे." त्यांनी मान हलवली, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, आज रस्ता चांगला आहे.

तपासणी झाली, रिंग बसवली, तीन महिन्यांनी परत दाखवायला सांगितलं. बाहेर आल्यावर त्या हळूहळू चालत होत्या, मी हात धरायला गेले तर नको म्हणाल्या. शितलपाटीपर्यंत आलो. तिथल्या दगडी पायरीवर त्या बसल्या. सरळ, दोन्ही मांड्यांवर भार देऊन. मग उठल्या. परत बसल्या. असं तीनदा केलं, शाळेतली मुलगी करते तसं, आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या, मग रडल्या. अनमी दिदी चुकौनीच्या तीन प्लेट घेऊन आली. आम्ही तिथेच बसून खाल्ल्या. पैसे त्यांनी द्यायचे म्हणून हट्ट धरला आणि दिले.

25 मे: निरोप

सकाळी उपासना, दुपारी शेवटचे पाइप जोडले. टाकीचं सिमेंट सुकायला वेळ लागणार होता, त्यामुळे पाणी आलेलं काही आम्हाला बघायला मिळणार नव्हतं, त्याची चुटपुट सगळ्यांनाच. मुक्काम वाढवता आला नसता, कारण 1 जूनला तिकडे गोरखपूरकडे मतदान, आणि त्याच्या आधी सीमा बंद करतात.

निघताना गावाने फुलांच्या माळा घातल्या. लोक टीका, म्हणजे कपाळाला टिळा, पण लावत होते, आणि तिथले ख्रिस्ती विश्वासी टीका लावून घेत नाहीत, त्यामुळे आम्ही जरा अवघडून उभे होतो, कोणाचं मन दुखवायचं नव्हतं. त्या बाई हातात टीकेची थाळी घेऊन आल्या, इतरांना लावला, माझ्यापाशी आल्यावर थांबल्या, थाळी शेजारणीकडे दिली आणि पदरातून पानाचा द्रोण काढला, ऐंसेलुने भरलेला. "तुम्ही लावत नाही, माहीत आहे," एवढंच. वाटभर मी तो द्रोण दोन्ही हातांत धरून उतरले, जीपमध्ये रस सगळा कुर्त्यावर सांडला, डाग अजून आहे.

कोणाला जायचं असेल तर

तिथल्या मंडळीने बोलावलं असेल तरच जा, आणि काम त्यांनी ठरवलेलं असू दे. कायदा आधी वाचा, आपल्या चुकीची शिक्षा आपण घरी परतल्यावर तिथल्या लोकांना भोगावी लागते. लोकांचे फोटो, विशेषतः उपासनेतले, कुठेही टाकू नका. मुलांना चॉकलेटं वाटू नका, शाळेला वह्या द्यायच्या असतील तर शिक्षकांच्या हातात द्या. ओआरएस, पोटाची औषधं, टॉर्च, घोट्याला धरणारे बूट आणि बोटांना लावायला पट्ट्या. रेल्वे, जीप, राहणं-जेवण सगळं धरून आम्हाला माणशी साडेअकरा हजार लागले, त्यातले राहण्याचे पैसे दिदी घेतच नव्हती, काकांनी ते पाणी समितीला दिले. गटात निदान एक नर्सिंगची मुलगी न्या, बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत.

28 मे आणि नंतर

घरी आले, आजीने जवळ बसवून विचारलं, साक्ष दिलीस का गं? मी तिला सगळं सांगितलं, नागपूरपासून शितलपाटीच्या पायरीपर्यंत. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग माझ्या कपाळावरून अंगठा फिरवला, पट्ट्याची खूण तेव्हा गेली होती तरी. म्हणाली, कुठं होता तो पट्टा, दाखव.

काल दुपारी फोनवर व्हिडिओ आला. धारेच्या तोटीतून आधी हवा, मग तपकिरी चिखलाचं पाणी, फुर्र फुर्र करत, मग पातळ, मग स्वच्छ. रांगेत हंडे. दिदी दिसतेय, त्या बाई दिसतायत, हंडा कंबरेवर घेतलेला, डोको नाही. आणि कॅमेऱ्याच्या मागून लाहुरे बाबांचा आवाज, "नगर! चला, पटकन, पाणी घ्या!"

आजीला चार वेळा दाखवला. पाचव्यांदा तिने स्वतः लावला.